दादाचं बोलणं नव्या सिस्टिमवर चालेल का

बाबा, तुम्ही जोडून घेतलेला कॉम्प्युटर अजून चालतोय. म्हणजे चालतोय असं आपलं आम्ही म्हणतो. सकाळी बटण दाबायचं, मग आईचं दूध तापवून होतं, देवाला दिवा लावून होतो, माझी आंघोळ होते, तेव्हा कुठे पडद्यावर दादाचे चौकोन उमटतात. तोपर्यंत दादा खुर्चीत पट्टा बांधून बसलेला असतो आणि त्याला काहीही म्हणायचं असलं तरी म्हणता येत नाही. आपला दादा आता चाळिशी ओलांडून गेलाय. मान अजून तशीच एका बाजूला कलते, जीभ वळत नाही ती नाहीच वळत, आणि साऱ्या अंगात ताब्यात असलेला एकच अवयव म्हणजे तो उजवा पंजा. तो पंजा अजून तुमच्याच झाकणावर ठेवलेला असतो.

ते झाकण तुम्ही फॅक्टरीतून आणलंत तो दिवस मला आठवतो. स्टीलच्या मसाल्याच्या डब्याचं झाकण, पॉलिशमध्ये ओरखडा पडलेलं, म्हणून रिजेक्टमध्ये टाकलेलं. भाईंदरच्या अर्ध्या घरांत असली रिजेक्ट भांडी असतात, आपल्या घरात तर सरळ एकही नव्हतं. तुम्ही स्वयंपाकघरातल्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरलंत, जुना माऊस उघडलात, त्याच्या बटणाच्या दोन वायरी बाहेर काढून झाकणाखाली आणल्यात आणि गॅसच्या लायटरमधली स्प्रिंग त्याखाली बसवलीत. आई म्हणत होती, "अहो, मी पोळ्या कुठे लाटू?" तुम्ही सोल्डरिंगच्या धुरातून मानही वर केली नाहीत. भांड्यांच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करणारा माणूस तुम्ही. कॉम्प्युटरचं कुठलंही शिक्षण नसताना ऑफिसातली माणसं भाषणाला वापरतात ते स्लाइड दाखवायचं सॉफ्टवेअर शिकलात आणि त्यातून दादासाठी बोर्ड बनवलात. पडद्यावर चौकोन, प्रत्येकात एक चित्र आणि खाली शब्द, आणि एक पिवळा रंग एकेका चौकोनावरून पुढे सरकत जाणारा. हवा तो चौकोन पिवळा झाला की दादाने झाकण दाबायचं, मग तो शब्द मोठा होऊन ऐकू येणार आणि बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार. पाणी, शू, दुखतंय, भूक, चहा, पंखा, टीव्ही, आणि सगळ्यात शेवटी आई, बाबा, हो, नाही.

आवाज कोणाचा, यावरून तुमचं आणि आईचं वाजलं. ती म्हणाली तुम्हीच बोला, तुमचा आवाज खणखणीत आहे. तुम्ही म्हणालात, "पोरगा बापाच्या आवाजात पाणी मागेल का?" मग मला बसवलंत. मी सातवीत. पंखा बंद, कुकर उतरवलेला, खिडकी लावलेली, आणि मी घामाघूम होऊन माईकसमोर एकेक शब्द म्हणतोय. "शू" म्हणताना मला हसू फुटलं. तुम्ही रेकॉर्डिंग थांबवलंत. मारलं नाहीत, ओरडलाही नाहीत. म्हणालात, "हसू नकोस. हे बोलणं तुझं नाही, त्याचं आहे. त्याने रोज असं खिदळत शू मागायची का?" त्यानंतर मी एकदाही हसलो नाही. आज केस पिकायला लागलेला दादा माझ्या सातवीतल्या आवाजात चहा मागतो, आणि पहिल्यांदा घरी आलेला पाहुणा हमखास आत डोकावून विचारतो की लहान मूल कोणाचं.

पण आता ते मशीन थकलंय. पिवळा रंग दोन चौकोन पुढे जातो आणि थबकतो, आतून डिस्कची खरखर येते, मग अचानक तीन चौकोन उडी मारतो. दादा बरोबर वेळेवर दाबतो आणि उमटतं भलतंच. आम्हाला त्याची सवय झाली होती. गेल्या गणपतीनंतरची गोष्ट सांगतो. मी अंधेरीला ऑफिसात, आई खाली भाजीला, घरात तुमची सून. तिला तुम्ही पाहिलं नाहीत, काशीगावची आहे, तिच्या माहेरची एके काळी भातशेती होती. त्या दिवशी बोर्ड टीव्हीच्या चौकोनावर अडकला. दादा दाबत होता आणि कॉम्प्युटर म्हणत होता, टीव्ही, टीव्ही, टीव्ही. तिने टीव्ही लावला. तो दाबतच राहिला, तिने चॅनल बदललं, आवाज वाढवला, तरी तो दाबतोय आणि डोळ्यांत पाणी. तिला वाटलं मालिका आवडली नाही. मी घरी आलो तेव्हा त्याचं अंग भाजत होतं आणि दात वाजत होते. लघवीला इन्फेक्शन होऊन ते किडनीपर्यंत गेलं होतं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी साधं विचारलं, "दुखत होतं तर यांनी सांगितलं नाही का?" बाबा, तो दिवसभर सांगत होता.

तो घरी आला आणि मी मशीनच्या मागे लागलो. आधी नवा लॅपटॉप आणला. तुमच्या झाकणाची पिन ती जुनी, गोल. लॅपटॉपला तसलं भोक नसतं. मधे लावायचा कनेक्टर आणला, त्याने काही ते झाकण ओळखलं नाही. मग तयार मिळणारं प्लास्टिकचं बटण मागवलं, छान लाल रंगाचं. दादाने त्यावर हात ठेवला, उचलला आणि छताकडे बघत बसला. दोन दिवस आम्ही हात धरून शिकवलं, शेवटी मीच हात टेकले. मग जुना डबा रिक्षात घालून जेसल पार्कमधल्या रिपेअरच्या दुकानात नेला. त्याने मागचं झाकण उघडून फुंकर मारली आणि म्हणाला, "भाई, इसमें नया विंडोज नहीं बैठेगा. प्रोसेसर पुराना है, और जो चिप वो माँगता है वो तो इसमें है ही नहीं." मी म्हटलं, "पुराना वाला ही साफ करके डाल दो." "उसका अपडेट बंद हो गया. और ये उसको उठा भी नहीं पा रहा, बोझ हो गया है इसपे." मी तिथेच उभा राहिलो. मला वाटतं माझा चेहरा बघून त्याला काहीतरी वाटलं असावं. म्हणाला, "लिनक्स देख लो ना. हल्का वाला आता है. पेन ड्राइव से चला के देखो, चला तो ठीक. बस, देखे बिना पुराना मिटाना मत."

म्हणजे आधी न बसवताच चालवून बघायचं. पेन ड्राइव्हवर लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टिम घ्यायची, कॉम्प्युटर तिच्यावरून सुरू करायचा, आणि बघायचं की पडदा दिसतो का, आवाज येतो का, तुमचं झाकण ओळखतो का, तुमची फाइल उघडते का. आतल्या डिस्कला हात लागत नाही, बंद केलं की सगळं जिथल्या तिथे. हे ऐकून मला बरं वाटलं. मला पुसायची भीती वाटत होती, आणि ती फक्त फाइलपुरती नव्हती.

आता ते सांगायलाच हवं, कारण तुम्हाला ते माहीत असण्याचा प्रश्नच नाही. तुम्ही सेकंड शिफ्टला गेलात आणि मशीनजवळच खाली बसलात ते उठला नाहीत. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. हॉस्पिटलातून तुम्हाला घरी आणायचं की नाही याची चर्चा सुरू झाली आणि मामाने दादाबद्दल निकाल दिला, "त्याला कशाला दाखवताय? त्याला काय कळणार? उगाच बिथरेल." म्हणून तुम्हाला परस्पर स्मशानात नेलं. दादाला वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे कार्टून लावून बसवलं होतं. संध्याकाळी त्याला खाली आणून झाकणावर हात ठेवला, तर त्याने पहिलं तेच दाबलं. बाबा. तुमच्या चौकोनात तुमचाच फोटो आहे, खांद्याला डब्याची पिशवी, दारात उभे. आई पदराने तोंड पुसत म्हणाली, "ड्युटीवर गेलेत रे." ती एका संध्याकाळपुरती थाप होती. सगळं निवळलं की नीट समजावून सांगू, असं ठरलं होतं.

ते कधी निवळलंच नाही. दहावं, तेरावं झालं तेव्हा तो काकूंकडे होता. मग त्याने बाबा दाबलं की ड्युटीवर, एवढं म्हणायचं आणि आई झाकण हळूच बाजूला सरकवायची, गाणं लावायची, त्याचं मन दुसरीकडे वळवायची. आपल्या घरात तुमच्या फोटोला हार नाही, बाबा. फोटोच लावलेला नाही. तो आईच्या साड्यांच्या मागे असतो. पितृपक्षात तुमच्या तिथीला बाहेर काढून ओट्यावर ठेवतो, पान वाढतो, स्वयंपाकघराचं दार लावलेलं असतं आणि हॉलमध्ये दादासमोर टीव्ही मोठ्याने चालू असतो. आईने मंगळसूत्र उतरवलं नाही, कारण ते उतरवलं तर त्याला दिसेल. घरात ती कुंकू लावून वावरते. बाहेर जाताना जिन्यात थांबून टिकली काढून दाराच्या चौकटीला चिकटवते, मंगळसूत्र पर्समध्ये टाकते आणि वर येताना पुन्हा घालते. इतकी वर्षं. बिल्डिंगमधल्या बायका सुरुवातीला कुजबुजल्या, मग त्यांनाही सवय झाली. लग्न ठरताना आईने तुमच्या सुनेला हे समजावलं तेव्हा ती पटकन बोलून गेली, "आमच्यात असा न्हाय. गेलेल्या मानसाला गेला म्हनतात." लग्न झाल्यावर सूनही शिकली. तिने कधी पाहिलेला नाही तो सासरा ड्युटीवर आहे, हे ती आता आमच्यापेक्षा सफाईने सांगते.

परवाच्या रविवारी मी पेन ड्राइव्ह लावला. सकाळ होती, दादाचं खाणं-पिणं सगळं आटोपून घेतलं होतं, कारण मशीन उघडलं की तो मुका. सुरू होताना एक बटण दाबत राहायचं असतं, ते मी दाबत राहिलो आणि तरी कॉम्प्युटर आपल्या जुन्याच वाटेने गेला. मग आतल्या निळ्या पडद्यावर जाऊन आधी पेन ड्राइव्ह बघ, असं त्याला सांगितलं. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर खाली गेल्या, मग काळोख झाला. दादा श्वास रोखून बघत होता, मीही. आणि मग निळसर, स्वच्छ पडदा आला. दूधसुद्धा तापलं नव्हतं तोवर! मी दादाचा पंजा उचलून झाकणावर ठेवला, त्याने दाबलं, आणि पडद्यावर टिचकी उमटली. गोल पिनचं ते झाकण त्याने न कुरकुरता ओळखलं. मी ओरडलोच, "आई, चालतंय!" ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "आधी त्याला बोलू दे, मग ओरड."

फाइल उघडली आणि माझं तोंड उतरलं. तुम्ही वापरलेला मराठी टाइप या सिस्टिमला माहीत नाही. प्रत्येक चित्राखाली इंग्रजी अक्षरांचा कचरा. पण दादाला वाचता कुठे येतं, तो चित्रांवर आणि जागांवर चालतो. शब्द मी पुन्हा टाइप करीन, तेवढंच. बोर्ड सुरू केला आणि पिवळा रंग निघाला. बाबा, तो थबकत नव्हता. एका चौकोनावरून दुसऱ्यावर, एका लयीत, शिवणाच्या मशीनसारखा. मला आजवर वाटायचं की ती रखडत जाणारी चाल तुम्हीच ठरवलीय. ती मशीनवरच्या ओझ्याची होती. तुम्ही ठरवलेला वेग हा होता आणि तो मी विसरूनही गेलो होतो. दादाचा चेहरा उजळला. त्याने पाणी दाबलं. काहीच ऐकू आलं नाही.

आवाजच नव्हता. मी टेबलाखाली शिरलो. स्पीकरची वायर काढून घातली, तरी नाही. शोधत गेल्यावर कळलं की सिस्टिम आवाज दुसऱ्याच भोकातून बाहेर पाठवत होती. मी ते बदललं आणि वायर नीट घट्ट बसलीय का बघायला पुन्हा टेबलाखाली गेलो. डोक्यावर माझाच सातवीतला आवाज आला, "बाबा." मी वायर हातात धरून तसाच. उत्तर द्यायचं काम नेहमी आईचं, आणि ती आत मिक्सर लावून बसलेली. तुमची सून गॅलरीत कपडे वाळत घालत होती. कोणीच ड्युटीवर म्हणालं नाही, कोणीच झाकण सरकवलं नाही. पिवळा रंग पुन्हा पहिल्यापासून निघाला असणार, पाणी, शू, दुखतंय करत, आपल्या लयीत, थेट शेवटापर्यंत. आणि वरून आवाज आला, "नाही."

मी टेबलाखालून बाहेर आलो. दादा माझ्याकडे बघत होता. मला वाटलं चुकून दाबलं गेलं असेल, नवा वेग, हाताला सवय नाही. तेवढ्यात त्याने पुन्हा थांबून, नीट वाट बघून दाबलं. बाबा. बोर्ड पूर्ण फिरला. नाही.

मिक्सर थांबला होता. आई दारात उभी, हाताला ओलं खोबरं. तिने विचारलं ते मी विचारलं नसतं. म्हणाली, "राजा, बाबा नाहीत, हे तुला ठाऊक आहे?" आणि आम्ही तिघं त्या पिवळ्या रंगाकडे बघत राहिलो. चहा गेला, पंखा गेला, टीव्ही गेला, आता तीच चाल मला जुन्या सिस्टिमइतकी सावकाश वाटत होती. "हो," माझा आवाज म्हणाला.

आईला प्रथम राग आला. खरंच राग आला. "मग बोलला का नाहीस इतकी वर्षं?" असं ती त्याला म्हणाली आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण हे कोणाला विचारतोय. तो बोलत होता. जुन्या सिस्टिमवर 'नाही'पर्यंत पोचायला इतका वेळ लागायचा की तोवर आम्ही उत्तर देऊन, झाकण सरकवून, गाणं लावून मोकळे झालेलो असायचो. तो विचारत नव्हता, सांगत होता, आणि आम्ही दर वेळी त्याला अर्ध्या वाक्यावर अडवत होतो. ती त्याच्या पायाशी खाली बसली. त्याच्या गुडघ्यावर कपाळ टेकून रडली, आवाज करून, दार न लावता. मी पहिल्यांदा तिला तुमच्यासाठी असं रडताना ऐकलं. दादाचा हात झाकणावरून उचलून तिने आपल्या डोक्यावर ठेवला, आणि तो तिथे राहिला.

थोड्या वेळाने डोळे पुसून तिने विचारलं, "कधीपासून रे?" बोर्ड फिरत राहिला. एक फेरी, दुसरी फेरी. दादाने दाबलं नाही. त्याला सांगता येण्यासारखा चौकोनच तिथे नव्हता. आई मला म्हणाली, "तू कर ना ते त्यात. कधी कळलं, ते सांगता येईल असं काहीतरी कर." मी म्हटलं, करतो.

हे मी त्याच कॉम्प्युटरवर लिहितोय. दुपार आहे, दादा झोपलाय. सिस्टिम अजून पेन ड्राइव्हवरच आहे, आत बसवलेली नाही, त्यामुळे बंद केलं की या पत्रातलं अक्षरही उरणार नाही. ते मला चालेल. फोटो अजून साड्यांच्या मागेच आहे. मंगळसूत्राचं काय करायचं हे आईने ठरवलेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही. चौकोनांचं विचारते तेव्हा मी सांगतो की माझा आताचा आवाज त्या जुन्या आवाजात मिसळणार नाही, दादाला ते विचित्र वाटेल, जरा थांब. ती ऐकते.

खरं तर नवा चौकोन लागतच नाही, बाबा. हो आणि नाही बोर्डावर आहेतच. त्याच्यासमोर बसून एवढंच विचारायचं, की त्याच दिवशी कळलं होतं का रे, वरच्या मजल्यावर बसवलं होतं तेव्हा? पुढचं तो सांगेल. आईला हे सुचलेलं नाही, किंवा सुचलंय आणि तीही माझ्यासारखीच गप्प आहे. मी रोज सकाळी बोर्ड सुरू करतो, त्याचा पंजा झाकणावर ठेवतो, समोर स्टुलावर बसतो, आणि त्याला विचारतो, चहा हवा का.